मेम्ब्रेन रिॲक्टरचा पहिला प्रयोग: ब्युटाइल ॲसिटेट बनवताना पाणी काढून कन्व्हर्जन कसे वाढवावे

ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोल समान मोल घेऊन एकत्र केले, कितीही चांगला कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) घातला आणि रात्रभर ढवळले, तरी अभिक्रिया साधारण दोन तृतीयांशावर येऊन थांबते. बर्थेलो आणि पेआँ द सें-जिल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८६२ च्या सुमारास इथेनॉल वापरून हेच मोजले होते. कॅटॅलिस्टमुळे समतोल लवकर गाठला जातो, पण समतोलाची जागा तीच राहते. एस्टर (ॲसिड आणि अल्कोहोल जुळून बनणारा पदार्थ) आणि पाणी तयार होते तसे ते उलट दिशेने पुन्हा ॲसिड आणि अल्कोहोलही बनवू लागतात, आणि दोन्ही वेग सारखे झाले की पुढे काही सरकत नाही.

यातून सुटायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे अल्कोहोल भरपूर घालणे, दुसरा म्हणजे तयार होणारे पाणी त्याच वेळी बाहेर काढत राहणे. मेम्ब्रेन रिॲक्टर, म्हणजे ठरावीक पदार्थच पार जाऊ देणारे पातळ पटल (मेम्ब्रेन) जोडलेले अभिक्रियेचे भांडे, दुसरे काम करतो. या लेखात प्रयोगशाळेतला लहान संच उभारून ब्युटाइल ॲसिटेट या एस्टरचे कन्व्हर्जन, म्हणजे ॲसिडपैकी किती एस्टर झाले ते प्रमाण, ९५ टक्क्यांपर्यंत कसे न्यायचे ते पाहू.

एक खुलासा आधी करतो. सांडपाणी प्रक्रियेत 'मेम्ब्रेन बायोरिॲक्टर' म्हणतात ती वेगळी गोष्ट आहे. तिथे मेम्ब्रेन जिवाणूंचा गाळ अडवून स्वच्छ पाणी बाहेर सोडते, समतोलाशी तिचा संबंध नाही. पॅलेडियमच्या पटलातून हायड्रोजन काढणारे रिॲक्टर मात्र याच घराण्यातले. मिथेन आणि वाफेच्या अभिक्रियेतून हायड्रोजन निघून गेला की तीही पुढे सरकते. पण तिथे तापमान ५०० अंशांच्या आसपास असते, शुद्ध पॅलेडियम ३०० अंशांच्या खाली हायड्रोजनमध्ये ठिसूळ होते म्हणून त्यात चांदी मिसळावी लागते, आणि गंधकाचा अंशही पटल खराब करतो. शिकणाऱ्याने तिथून सुरुवात करू नये.

ब्युटाइल ॲसिटेटच का

इथाइल ॲसिटेट महाराष्ट्रात जास्त ओळखीचे, कारण साखर कारखान्यांच्या आसवनींमध्ये इथेनॉल तयार होते. पण पहिल्या प्रयोगासाठी ते अडचणीचे आहे. ते ७७ अंशांना उकळते, पाणी आणि इथेनॉलबरोबर ७० अंशांच्या आसपासच उकळणारे मिश्रण बनवते, त्याचा फ्लॅश पॉइंट (ज्या किमान तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) शून्याखाली आहे, आणि शुद्ध इथेनॉलसाठी उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. ब्युटाइल ॲसिटेटच्या मिश्रणाला उकळायला ९० अंशांच्या आसपास जावे लागते, त्यामुळे ८० अंशांवर साध्या वातावरणीय दाबात निवांत काम करता येते.

मोठ्या कारखान्यात ब्युटाइल ॲसिटेटसाठी मेम्ब्रेन सहसा लागत नाही, हेही लक्षात ठेवा. त्याची वाफ थंड केली की पाण्याचा थर आपोआप वेगळा होतो आणि डिकँटरने (थर वेगळे करणाऱ्या भांड्याने) काढता येतो. मेम्ब्रेनची खरी गरज पाणी असे सहज वेगळे होत नाही तिथे आहे: इथाइल ॲसिटेट, इथाइल लॅक्टेट, किंवा उष्णतेने बिघडणारी एस्टर. ब्युटाइल ॲसिटेट हे शिकण्याचे मैदान आहे.

आधी कागदावर

संच मांडण्यापूर्वी हे गणित स्वतः करा. समतोल स्थिरांक ४ धरू. म्हणजे एस्टर आणि पाण्याच्या मोलचा गुणाकार भागिले ॲसिड आणि अल्कोहोलच्या मोलचा गुणाकार, हे उत्तर समतोलावर ४ येते.

घ्यायचे माल: ॲसिटिक ॲसिड (ग्लेशियल) १२० ग्रॅम, म्हणजे २ मोल. एन-ब्युटेनॉल २२२ ग्रॅम, म्हणजे ३ मोल. अल्कोहोल दीडपट आहे. ॲसिड जास्त ठेवू नका, कारण उरलेले ॲसिड मेम्ब्रेनला त्रास देते आणि शेवटी वेगळे करायलाही कटकटीचे.

पाणी न काढता या मिश्रणाचे कन्व्हर्जन ७८.५ टक्क्यांवर थांबेल. त्या वेळी भांड्यात सुमारे २८ ग्रॅम पाणी असेल, म्हणजे वजनाने साधारण ८ टक्के. फक्त अल्कोहोल वाढवून ९५ टक्के गाठायचे म्हटले तर ॲसिडच्या जवळपास साडेपाचपट मोल अल्कोहोल लागते, आणि ते सगळे नंतर ऊर्ध्वपातनाने परत मिळवावे लागते.

दीडपट अल्कोहोल ठेवून ९५ टक्क्यांवर जायचे तर भांड्यात फक्त ४.२ ग्रॅम पाणी शिल्लक असायला हवे. तयार होणारे पाणी ३४.२ ग्रॅम. म्हणून ३० ग्रॅम बाहेर काढायचे. हा आकडा वहीत ठळक लिहून ठेवा, सगळी मांडणी याच्यावर आहे.

आता मेम्ब्रेनचे क्षेत्रफळ. दर चौरस मीटरमधून दर तासाला किती किलो जाते त्याला फ्लक्स म्हणतात. पाणी कमी होत जाते तसा फ्लक्सही घटतो. सुरुवातीला ८ टक्के पाण्याला ०.६ आणि शेवटी सव्वा टक्क्याला ०.१ असेल, तर सरासरी ०.३ धरू. १५ सेंटीमीटर व्यासाच्या चकतीचे क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटीमीटर, म्हणजे तासाला ५.३ ग्रॅम. ३० ग्रॅमला पावणेसहा तास. मिश्रण सुमारे ३९० मिलिलिटर आहे, म्हणजे दर घनमीटर द्रवामागे ४५ चौरस मीटर मेम्ब्रेन. नवखे लोक लिटरभर मिश्रणाला पाच सेंटीमीटरची चकती लावतात आणि दिवसभरात काही फरक दिसला नाही म्हणून मेम्ब्रेनला दोष देतात. दोष या गुणोत्तराचा असतो.

फ्लक्सचे हे आकडे मांडणीपुरते आहेत. तुमच्या मेम्ब्रेनचा आकडा तुम्हीच मोजायचा आहे, त्याची रीत खाली येते.

संचाचे भाग

मेम्ब्रेन: क्रॉसलिंक केलेल्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा पातळ थर सच्छिद्र आधारावर बसवलेला, ही पाणी ओढून घेणारी जात घ्या. ८० अंश चालतील की नाही आणि ॲसिडची मर्यादा किती, हे उत्पादकाच्या पत्रकात आधी वाचा. एनएए (NaA) जातीच्या झिओलाइटची, म्हणजे सच्छिद्र स्फटिकाची, मेम्ब्रेन अल्कोहोलमधले पाणी काढायला अप्रतिम आहे, पण इथे घेऊ नका. ॲसिड तिच्या स्फटिकातले ॲल्युमिनियम काढून घेते आणि रचना ढासळते. ॲसिडला टिकणारी हायब्रिड सिलिकाची पटले मिळतात, महाग असतात.

भांडे: एक लिटरचा तीन मानेचा फ्लास्क, वर रिफ्लक्स कंडेन्सर, तेलाचा किंवा पाण्याचा हीटिंग बाथ. उघडी ज्योत किंवा उघडी कॉइल अजिबात नको. ब्युटाइल ॲसिटेटचा फ्लॅश पॉइंट २२ अंशांच्या आसपास आहे आणि ८० अंशांवर तीनही द्रव आपापल्या फ्लॅश पॉइंटच्या बरेच वर असतात.

फिरता मार्ग: फ्लास्क, बारीक गाळणी, टेफ्लॉन हेडचा पंप, मेम्ब्रेनचा सेल (चकती धरून ठेवणारा कप्पा), परत फ्लास्क. धातूचे भाग ३१६ एल स्टीलचे. गरम ॲसिटिक ॲसिडला ३०४ जातीचे स्टील भरवशाचे नाही. पाइपांवर इन्सुलेशन करा, नाहीतर सेलमध्ये द्रव ८० ऐवजी ६५ अंशांना पोचतो आणि फ्लक्स अकारण पडतो.

गॅस्केट: टेफ्लॉन, किंवा टेफ्लॉनच्या वेष्टणातली ओ-रिंग. सगळीकडे सहज मिळणारी व्हायटॉन इथे चालत नाही, एस्टर आणि ॲसिटिक ॲसिडमध्ये ती फुगते. नायट्राइल रबरही चालत नाही.

पर्मिएटची (पार गेलेल्या वाफेची) बाजू, म्हणजे मेम्ब्रेनच्या पलीकडची: सेल, प्रेशर गेज, कोल्ड ट्रॅप (ती वाफ गोठवून पकडणारे थंड भांडे), व्हॅक्यूम पंप, याच क्रमाने. दोन ट्रॅप समांतर जोडा, म्हणजे एक वजनाला काढला तरी दुसरा चालू राहील. ट्रॅपला कोरडा बर्फ आणि अल्कोहोलचे मिश्रण पुरते. द्रव नायट्रोजन वापरलात तर कुठे हवा आत येत नाही याची खात्री करा, कारण त्या थंडाव्यात हवेतला ऑक्सिजन द्रव होऊन सेंद्रिय द्रवाबरोबर ट्रॅपमध्ये साठू शकतो. ते स्फोटक आहे. कोणताही ट्रॅप बंद तोंडाने वितळू देऊ नका.

कॅटॅलिस्ट: ॲम्बरलिस्ट १५ किंवा तत्सम सल्फोनिक रेझिन (आम्लाचे काम करणारे घन मणी), कोरडे १२ ग्रॅम, म्हणजे ॲसिडच्या दहा टक्के. द्रव सल्फ्युरिक ॲसिड स्वस्त असले तरी ते थेट मेम्ब्रेनवर जाते. रेझिन ओले मिळत असेल तर त्यात निम्म्याच्या आसपास पाणी असते. २४ ग्रॅम ओले रेझिन तसेच टाकले तर १२ ग्रॅम पाणी बाहेरून घातल्यासारखे होते, म्हणजे जे काढायला आलात त्याच्या दोन पंचमांश! म्हणून ब्युटेनॉलने धुवून, १०० अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर वाळवा. १२० अंशांच्या वर नेऊ नका, सल्फोनिक गट गळू लागतात. रेझिन जाळीच्या टोपलीत ठेवा आणि टोपली अर्धीच भरा, ते फुगते.

पायऱ्या

पहिली: मेम्ब्रेन बसवणे. चकतीची काम करणारी बाजू बहुधा चकचकीत असते, उत्पादकाची खूण पाहून ती द्रवाकडे करा. हातमोजे घाला, मधल्या भागाला हात लावू नका. खाली सच्छिद्र धातूची चकती हवी. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जा.

दुसरी: गळती तपासणे. सेल कोरडा असताना पर्मिएटची बाजू ५ मिलिबारपर्यंत ओढा, पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि दहा मिनिटे गेज पाहा. एखाद्या मिलिबारने वाढ चालेल. झपाट्याने वाढत असेल तर आधी जोड शोधा, मग मेम्ब्रेन. गेज सेलजवळच हवा. पंपाजवळचा आकडा नेहमी जास्त सुंदर दिसतो, पण अरुंद नळीमुळे सेलमध्ये दाब कितीतरी जास्त असू शकतो.

तिसरी: नुसत्या अल्कोहोल आणि पाण्यावर चाचणी. ब्युटेनॉलमध्ये ८ टक्के पाणी मिसळून ८० अंशांवर फिरवा. पहिले दोन-तीन तास मेम्ब्रेन फुगून स्थिर व्हायला द्या, नंतर दर तासाला ट्रॅपचे वजन घ्या. मग हेच सव्वा टक्का पाण्यावर करा. हे दोन आकडे तुमच्या खऱ्या गणिताचे आकडे आहेत, वरचे ०.६ आणि ०.१ खोडून ते लिहा. याच वेळी पंपाचा वेग दुप्पट करून पाहा. फ्लक्स वाढला तर मेम्ब्रेनजवळच्या थरात पाणी कमी पडत होते, वेग वाढवलेला ठेवा. वाढला नाही तर आधीचा वेग पुरेसा होता.

चौथी: पाणी न काढता एक पूर्ण बॅच. हीच पायरी लोक घाईत गाळतात. सगळे तसेच, मेम्ब्रेनही जागेवर, फक्त व्हॅक्यूम बंद. समतोलाचे खरे कन्व्हर्जन आणि तिथवर पोचायला लागणारा वेळ यातूनच कळतो. हे नसेल तर नंतरच्या वाढीतली किती मेम्ब्रेनमुळे झाली ते सांगता येत नाही.

पाचवी: मुख्य बॅच. ब्युटेनॉल आणि रेझिन ८० अंशांवर आणा, गरम केलेले ॲसिड घाला, घड्याळ सुरू करा. व्हॅक्यूम लगेच लावू नका. सुरुवातीला काढायला पाणीच नसते, आणि मेम्ब्रेनमधून नुसते अल्कोहोल जाते. कन्व्हर्जन ५० ते ६० टक्क्यांवर आले की व्हॅक्यूम सुरू करा आणि १० मिलिबारच्या खाली ठेवा. दर तासाला ट्रॅप बदला, वजन करा, भांड्यातला एक ग्रॅम नमुना घ्या.

सहावी: थांबवणे. आधी पर्मिएटच्या बाजूला हळूहळू नायट्रोजन सोडा, मग उष्णता बंद करा, शेवटी द्रव काढा. पर्मिएटचा दाब द्रवाच्या बाजूपेक्षा कधीही जास्त होऊ देऊ नका, पातळ थर आधारावरून सुटतो आणि चकती गेली.

मोजमाप

ॲसिडसाठी टायट्रेशन. नमुना वजन करून थंड इथेनॉलमध्ये सोडा, फिनॉल्फ्थॅलीन, सोडियम हायड्रॉक्साइड. सुरुवातीला एक ग्रॅम नमुन्याला ०.५ नॉर्मलचे सुमारे ११.७ मिलिलिटर लागतील. ९५ टक्क्यांवर ०.१ नॉर्मलवर या, तिथे ३ मिलिलिटरच्या आसपास वाचन येईल. गुलाबी रंग थोड्या वेळाने फिका पडतो, कारण एस्टर हळूहळू अल्कलीशी अभिक्रिया करते. पहिला टिकाऊ गुलाबी दिसला की थांबा, मागे लागू नका.

पाणी कार्ल फिशर टायट्रेशनने, एस्टर गॅस क्रोमॅटोग्राफीने. आणि पर्मिएटचेही टायट्रेशन करा. मेम्ब्रेनमधून निसटलेले ॲसिड भांड्यात कमी दिसते आणि हिशेबात ते कन्व्हर्जन म्हणून मिरवते. ॲसिड घटले पण एस्टर तेवढे वाढले नाही, तर आकडा खोटा आहे. शिवाय बाहेर गेलेल्या वजनामुळे भांड्यातले एकूण वजन कमी होत असते, म्हणून नमुन्यातल्या टक्केवारीला त्या वेळच्या वजनानेच गुणा.

काय बिघडते आणि का

सगळ्यांत उपयोगी प्रश्न एकच: कन्व्हर्जन अडकले तेव्हा भांड्यात पाणी किती आहे? पाणी ६-७ टक्के असेल तर मेम्ब्रेन कमी पडते आहे: क्षेत्रफळ, तापमान आणि व्हॅक्यूम तपासा. पाणी १-२ टक्केच असेल आणि कन्व्हर्जन ७० वर रेंगाळत असेल, तर मेम्ब्रेनचा दोष नाही. काढायला पाणीच बनत नाही, कॅटॅलिस्ट कमी आहे किंवा थकलेला आहे. दोन्ही वेग एकमेकांच्या जवळ असतील तरच संच नीट चालतो. एक फार पुढे असेल तर त्यावर केलेला खर्च वाया. पाणी काढण्याचा एक जोडफायदाही आहे. पाणी रेझिनच्या सक्रिय जागा व्यापते, ते कमी झाले की अभिक्रियेचा वेगही सुधारतो.

ट्रॅपमधले पर्मिएट वितळल्यावर दोन थर दिसले तर सावध व्हा. ब्युटेनॉल पाण्यात ७-८ टक्क्यांपर्यंतच विरघळते, ब्युटाइल ॲसिटेट एका टक्क्याहूनही कमी. वर तेलकट थर म्हणजे मेम्ब्रेनला छिद्र पडले आहे किंवा गॅस्केटमधून द्रव जातो आहे. उपकरणाशिवाय होणारी ही उत्तम परीक्षा आहे. फळासारखा गोड वास तीव्र आला तरी हीच शंका घ्या.

वजन अचानक शून्यावर आले आणि गेज वर चढले, तर ट्रॅपच्या तोंडाशी बर्फाचा बूच बसला आहे. आत जाणारी नळी रुंद घ्या आणि तिचे टोक थंड द्रवाच्या पातळीच्या वर ठेवा.

बॅचगणिक पर्मिएट बिघडत गेले तर गाळणी उघडून पाहा. रेझिनचे मणी पंपात भरडले जातात आणि त्यांची भुकटी मेम्ब्रेनवर ओरखडे पाडते. म्हणून रेझिन फिरत्या मार्गात मोकळे सोडायचे नाही.

शेवटचे काही टक्के का इतके रेंगाळतात, हे समजून घेण्यासारखे आहे. पाणी मेम्ब्रेनमधून ढकलले जाते ते दोन बाजूंच्या बाष्पदाबातल्या फरकाने. ८० अंशांवर शुद्ध पाण्याचा बाष्पदाब सुमारे ४७४ मिलिबार. ९५ टक्क्यांवर भांड्यात पाण्याचा मोलअंश ०.०७, आणि ॲक्टिव्हिटी गुणांक (आदर्श मिश्रणाच्या मानाने पाण्याचा दाब किती पट आहे तो आकडा) ३ धरला तर पाण्याचा दाब सुमारे १०० मिलिबार येतो. पलीकडे १० मिलिबार असले तरी ओढ भरपूर आहे. ९९ टक्क्यांवर मात्र भांड्यात पाऊण ग्रॅमच पाणी उरायला हवे, त्याचा दाब १९ मिलिबारच्या आसपास. आता पलीकडचे १० मिलिबार निम्मी ओढ खाऊन टाकतात. म्हणून ९५ वरून ९९ वर जायला काढायचे पाणी जेमतेम पाच ग्रॅम असले तरी वेळ जवळपास आधीच्या सगळ्या बॅचइतका लागू शकतो. तिथे चांगला पंप कामाचा, मोठी मेम्ब्रेन त्या मानाने कमी. बहुतेक वेळा ९५ वर थांबून उरलेले ॲसिड परत फिरवणे स्वस्त पडते.

मोठे करायचे ठरले तर

एक टन ब्युटाइल ॲसिटेटमागे सुमारे १३६ किलो पाणी काढायचे असते. ०.३ च्या सरासरी फ्लक्सने दहा तासांच्या बॅचला ४५ चौरस मीटर मेम्ब्रेन लागते. पाणी मेम्ब्रेनमधून वाफ होऊन जाते आणि ती उष्णता द्रवातूनच घेते. लहान संचात हा भार तीन-साडेतीन वॅटचा, जाणवतही नाही. पण फ्लक्स १ असेल तेव्हा दर चौरस मीटरला ०.६४ किलोवॅट लागतात, म्हणून मोठ्या संचात मेम्ब्रेनच्या टप्प्यांमध्ये हीटर बसवावे लागतात. मेम्ब्रेनची किंमत काढताना ती किती महिने ॲसिडमध्ये टिकते हे पकडा. त्यासाठी प्रयोगशाळेतच एक तुकडा ८० अंशांच्या खऱ्या मिश्रणात बुडवून ठेवा आणि दर आठवड्याला तिसऱ्या पायरीतली चाचणी त्याच्यावर करा.